न पडलेल्या मतांचा इतिहास

निवडणूक संपली की आमच्या प्राध्यापकांच्या खोलीत दोन-तीन दिवस टक्केवारीची चर्चा चालते. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीनंतरही ती चालली. एक ज्येष्ठ सहकारी वर्तमानपत्राची घडी करीत म्हणाले, "त्या लोकांना पडलेलीच नसते हो. मत द्यायचा आळस, आणि मग पाच वर्षे सरकारच्या नावाने ओरड." 'ते लोक' म्हणजे कोण हे त्यांनी सांगितले नाही, आणि सांगण्याची गरजही नव्हती. मी त्याच लोकांतून आलेलो आहे, हे त्यांना ठाऊक आहे. माणूस वाईट नाही. अडीअडचणीला धावून येणारा आहे. म्हणून मी त्या दिवशी गप्प बसलो. पण इतिहास शिकविणाऱ्याला असे गप्प बसणे फार दिवस पचत नाही.

वस्तुतः त्यांचे विधान आपल्या देशापुरते तर सरळ सरळ चुकीचेच आहे. मुंबईतील कुलाब्यासारखा सुखवस्तू मतदारसंघ मतदानाच्या आकड्यांत वर्षानुवर्षे तळाशी असतो आणि गडचिरोलीसारखा आदिवासी जिल्हा वरच्या ओळीत असतो. १९९० नंतरच्या 'लोकनीती'च्या सर्वेक्षणांतूनही हेच दिसते की, दलित आणि गरीब मतदार मतदानात सुशिक्षित मध्यमवर्गाच्या मागे नाहीत. पुष्कळदा ते पुढेच असतात. मग प्रश्न असा उरतो की, गरीब माणूस जेथे मत देत नाही तेथे तो का देत नाही? 'उदासीनता' हा त्यावरचा विद्वानांचा आवडता शब्द आहे. या शब्दाची सोय अशी की त्यात दोष मत न देणाऱ्याच्या स्वभावात जाऊन बसतो आणि व्यवस्था मोकळी सुटते. या शब्दाची पुरती झडती घ्यायची तर अमेरिकेच्या दक्षिणेतील एका लहान मुलुखाकडे जावे लागते. तेथे जाण्याला आपल्याजवळ घरचे कारणही आहे.

प्रा. म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून आले आणि त्यांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख आपल्या लिहित्या पिढीला करून दिली. पुढे प्रा. जनार्दन वाघमारे यांनी त्या साहित्याचा व संस्कृतीचा विस्ताराने परिचय घडविला. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'दलित पँथर' उभी केली. तिचे नाव अमेरिकेतील 'ब्लॅक पँथर'वरून आले, हेही आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक असते. ही 'ब्लॅक पँथर पार्टी' ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात स्थापली. येथवर आपली माहिती येते आणि थांबते. पण ओकलंडच्या तरुणांनी तो काळा पँथर कोठून घेतला? तो त्यांनी अलाबामा राज्यातील लाउंड्स नावाच्या खेड्यापाड्यांच्या काउंटीतून घेतला. तेथे तो बंदुकीबरोबर आलेला नव्हता. तेथे तो मतपत्रिकेवरचे निवडणूक चिन्ह होता.

ही गोष्ट मला स्वतःला फार उशिरा कळली. कळल्यावर मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. आपल्या चळवळीच्या नावाचे मूळ शोधीत गेलो तर ते मताच्या हक्कासाठी घरादाराला मुकलेल्या कुळांच्या पालांपर्यंत जाऊन पोचते.

लाउंड्सची कथा समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. अमेरिकेतील यादवी युद्धानंतर गुलामी संपली आणि १८७० मध्ये राज्यघटनेच्या पंधराव्या दुरुस्तीने वंशाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास बंदी केली. या काळात दक्षिणेतील काळ्या माणसांनी मोठ्या संख्येने मतदान केले. लाउंड्सच्या शेजारच्या सेल्मा गावचे बेंजामिन टर्नर हे गुलाम म्हणून जन्मलेले गृहस्थ १८७० मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून गेले. हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. ज्यांना पुढे शंभर वर्षे 'राजकारणात रस नसलेले' म्हटले गेले, ते गुलामीतून सुटल्यावर पाच-सात वर्षांतच मतदान करीत होते आणि आपली माणसे निवडून देत होते. रस होता. तो संपविण्यात आला.

कसा, ते पाहा. आधी दहशतीने, खुनांनी आणि मतपेट्यांतील लबाडीने. मग, हे सारे फार उघडे दिसू लागले तेव्हा, कायद्याने. मिसिसिपीने १८९० मध्ये नवी घटना करून वाट दाखविली. अलाबामाने १९०१ मध्ये तेच केले. पंधरावी दुरुस्ती असल्यामुळे 'काळ्यांनी मत देऊ नये' असे लिहिता येत नव्हते. म्हणून लिहिले असे : मतदाराला घटनेतील कलम वाचता-लिहिता आले पाहिजे, किंवा त्याच्याजवळ चाळीस एकर जमीन अथवा तीनशे डॉलरची मालमत्ता पाहिजे, आणि त्याने दरसाल दीड डॉलर मतदान कर भरला पाहिजे. हा कर साठत जाई. एकविसाव्या वर्षापासून पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंतची थकबाकी छत्तीस डॉलरपर्यंत चढे. ज्याच्या हाती हंगाम संपल्यावर सावकाराचा हिशेब चुकता करून काहीच रोकड उरत नसे, त्या वाटेकरी शेतकऱ्याने छत्तीस डॉलर आणायचे कोठून? या कलमांत जातीचा वा रंगाचा एकही शब्द नाही. आपल्याकडच्या जुन्या पोथ्या निदान प्रामाणिक होत्या; कोणी काय करायचे नाही ते त्यांत नाव घेऊन लिहिलेले असे.

परिणाम लगेच दिसला. १९०० मध्ये अलाबामात सुमारे एक लाख ऐंशी हजार काळे मतदार होते. १९०३ मध्ये ते तीन हजारांवर आले. त्या तीन वर्षांत एक लाख सत्त्याहत्तर हजार माणसांची राजकारणावरची वासना अचानक उडाली, असे उदासीनतावाद्यांना म्हणावे लागेल. आणखी एक गोष्ट. या करामुळे गरीब गोरेही मोठ्या संख्येने मताला मुकले. मळेवाल्यांना त्याचे दुःख नव्हते. वर्णवर्चस्वाच्या नावाखाली वर्गवर्चस्वही साधले गेले, आणि रंगाच्या अभिमानात गुंग असलेल्या गरीब गोऱ्याला ते पुष्कळ वर्षे उमगले नाही.

आता लाउंड्स. सेल्मा ते मॉन्टगोमेरी या राजरस्त्यावर ही काउंटी लागते. लोकसंख्या पंधरा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी. पण शेरीफ कोण, शेतसारा किती, शाळा कशा, हे सारे तेथल्या तेथे निवडणुकीने ठरे. शंभरातील ऐंशी माणसे काळी. स्टोकली कारमायकल आणि चार्ल्स हॅमिल्टन यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथात नोंदविल्याप्रमाणे तेथील नव्वद टक्के जमीन शहाऐंशी गोऱ्या कुटुंबांच्या मालकीची होती. आणि १९६५ च्या आरंभी या ऐंशी टक्के लोकांपैकी मतदार यादीत नाव असलेल्यांची संख्या होती शून्य. गोऱ्यांची नोंदणी मात्र शंभर टक्क्यांच्याही वर होती, कारण मेलेल्यांची आणि गाव सोडून गेलेल्यांची नावे तशीच राहू दिलेली होती. मेलेला गोरा मतदार होता, जिवंत काळा नव्हता.

नोंदणीची खिडकी हेनव्हिल या मुख्य गावच्या कचेरीत. महिन्यातून दोनच दिवस उघडी, पहिल्या आणि तिसऱ्या सोमवारी. म्हणजे कामाचा दिवस बुडवून, मालकाला काही कारण सांगून, वीस-पंचवीस मैलांवरून यायचे. परीक्षा घेणारा गोरा कारकून. उत्तर बरोबर की चूक हे तोच ठरविणार. आणि कचेरीच्या पायरीवर कोण चढले हे संध्याकाळपर्यंत मळ्यावर कळलेले असणार. शेजारच्या मिसिसिपी राज्यात तर १९६२ च्या कायद्याने अर्जदाराचे नाव दोन आठवडे वर्तमानपत्रात छापण्याचीच तजवीज केली होती. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला फॅनी लू हेमर ही मळ्यावर राबणारी बाई इंडियानोलाला नाव नोंदवायला गेली. ज्या मळ्यावर तिने अठरा वर्षे काम केले होते तेथून तिला त्याच रात्री निघावे लागले. आता सांगा, मतदार नोंदणी न करणाऱ्या तिच्या शेजाऱ्याला आपण उदासीन म्हणायचे की हिशेबी? त्याचा हिशेब अगदी पक्का होता. मताने मिळणार काय ते अनिश्चित. जाणार काय ते ठरलेले.

१ मार्च १९६५ रोजी लाउंड्समधली चाळीसेक माणसे हेनव्हिलच्या कचेरीत गेली. त्यांना परत पाठविण्यात आले. दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावले ते जुन्या तुरुंगाच्या इमारतीत. त्या खेपेस दोघांची नावे नोंदली गेली : जॉन ह्यूलेट आणि जॉन लॉसन नावाचे एक अंध धर्मोपदेशक. ह्यूलेट यांची घरची जमीन होती. ते कोणाचे कूळ नव्हते. लाउंड्सच्या चळवळीचे पहिले लोक पाहिले तर त्यांत बरेचसे स्वतःची थोडीफार शेती असलेले किंवा मळ्याबाहेर रोजगार असलेले आढळतात. धाडस हा गुण काही जमिनीच्या उताऱ्याबरोबर मिळत नाही. पण धाडसाची किंमत कोणाला किती पडते, हे मात्र त्या उताऱ्यावर ठरते.

किंमत काहींनी जिवाने दिली. २५ मार्च १९६५ ला सेल्मा-मॉन्टगोमेरी मोर्चा संपल्यावर लोकांना गाडीतून पोचविणाऱ्या व्हायोला लिउझो या गोऱ्या बाईचा याच काउंटीतील रस्त्यावर खून झाला. २० ऑगस्टला जोनाथन डॅनिएल्स या गोऱ्या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याला हेनव्हिलमध्ये भर दिवसा गोळी घातली गेली आणि मारणारा निर्दोष सुटला. पंचमंडळात सगळे गोरे होते. पंच कोणाला नेमायचे तेही अखेर मताच्या यादीशी जोडलेलेच होते.

६ ऑगस्ट १९६५ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मताधिकार कायद्यावर सही केली. साक्षरतेची परीक्षा बंद झाली आणि लाउंड्समध्ये केंद्र सरकारचे नोंदणी अधिकारी आले. आपल्या पाठ्यपुस्तकांतला इतिहास साधारण येथे टाळ्या वाजवून थांबतो. कुळांचा इतिहास येथे सुरू होतो. नाव नोंदविलेल्या कुळांना त्या हिवाळ्यात मालकांनी मळ्यावरून हाकलायला सुरुवात केली. ज्यांच्या आजा-पणजांनी ती जमीन कसली होती, ज्यांचे जन्म त्याच खोपट्यांत झाले होते, त्यांना सामान बाहेर काढायला सांगण्यात आले. कायद्याने मताला हात लावता येत नव्हता. पण घर मालकाचे होते, आणि आपले घर कोणाला द्यायचे हा मालकाचा कायदेशीर अधिकार होता.

तेव्हा स्थानिक संघटनेने आणि 'स्निक' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विद्यार्थी समितीने राजरस्त्याच्या कडेला सहा एकर जमीन मिळविली आणि डिसेंबर १९६५ अखेरीस तेथे तंबू ठोकले. ऐन थंडी. पाणी आणायचे, लाकडे आणायची, पोरे शाळेला पाठवायची. रात्री रस्त्यावरून गाड्या जात आणि तंबूंच्या दिशेने गोळ्या झाडल्या जात. दोन-अडीच वर्षे ही वसाहत तेथे होती. या अवधीत तेथल्या लोकांनी केलेला गुन्हा एकच होता. एका यादीत आपले नाव लिहवून घेतले होते.

ही पाले वाचताना मला १९४७ चे 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' आठवते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या निवेदनात अस्पृश्यांच्या वेगळ्या वसाहतींची मागणी केली होती. आमच्यातल्याही काही सुशिक्षितांना ती अवास्तव वाटत आली आहे. पण तिच्यामागचा विचार नेमका हाच आहे. गावकुसाबाहेरचा माणूस भूमिहीन असतो, रोजच्या भाकरीसाठी सवर्ण जमीनदारावर अवलंबून असतो. म्हणून कागदावरचा हक्क बजावण्याची पाळी आली की गाव त्याची भाकर बंद करते. जगातल्या काळ्या लोकांच्या लढ्याकडे बाबासाहेबांचे लक्ष होते. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाला दिलेल्या निग्रोंच्या अर्जाची प्रत मागविली होती आणि दुबॉइस यांनी त्यांना उत्तरही पाठविले होते. लाउंड्सची पाले पाहायला बाबासाहेब नव्हते. असते तर त्यांना त्यात नवे काही वाटले नसते.

पालांत राहणाऱ्या या लोकांनी पुढे पक्ष काढला. गोऱ्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षात जावे तर त्या पक्षाने उमेदवारीची फी पन्नास डॉलरवरून एकदम पाचशे केलेली. शिवाय अलाबामातील त्या पक्षाचे चिन्ह होते पांढरा कोंबडा, आणि १९६६ च्या आरंभापर्यंत त्यावर गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा छापलेली असे. अनेक मतदार निरक्षर असल्यामुळे पक्षांना चित्राचे चिन्ह लागे. आपल्याकडे १९५१-५२ पासून बैलजोडी, हत्ती, झोपडी, कणीस आले ते याच कारणाने. 'लाउंड्स काउंटी फ्रीडम ऑर्गनायझेशन'ने निवडला काळा पँथर. लोक त्याला पँथरचा पक्ष म्हणू लागले.

या पक्षाने सर्वांत मोलाचे काम केले ते मताच्या आवाहनाचे नव्हे. त्याने चित्रांच्या पुस्तिका काढून आणि बैठका घेऊन लोकांना समजावून दिले की शेरीफचे काम काय असते, करनिर्धारक काय करतो, शाळा मंडळ पैसे कसे वाटते. ज्या माणसाने आयुष्यभर शेरीफ हा फक्त मारणारा म्हणून पाहिला, त्याला तो आपण नेमू शकतो हे समजले की मताला अर्थ येतो. करनिर्धारक पदासाठी ॲलिस मूर ही बाई उभी राहिली. श्रीमंतांच्या जमिनींवर रास्त कर बसविणे आणि त्यातून गरिबांसाठी खर्च करणे, हा तिचा कार्यक्रम. आपल्याकडच्या मतदार जागृतीच्या फलकांवर असे काही कधी लिहिलेले असते काय? तेथे फक्त 'मतदान हे पवित्र कर्तव्य' असते. कोणत्या खुर्चीत कोण बसले म्हणजे कोणाचे पाणी बंद होते, हे सांगणारा फलक मी अजून पाहिलेला नाही.

८ नोव्हेंबर १९६६. पँथरचे सात उमेदवार उभे होते आणि सातही पडले. संख्येने ऐंशी टक्के असलेली माणसे हरली कशी? अनेक कारणे होती, पण एक कारण चटका लावणारे आहे. मळेवाल्यांनी आपापल्या मळ्यांवरच्या काळ्या कुळांना ट्रकमध्ये भरून मतदान केंद्रावर आणले आणि कोणाला मत द्यायचे ते सांगून टाकले. म्हणजे या माणसांनी मतदान केले. टक्केवारीत ती मोजली गेली. एखाद्या सांख्यिकी तक्त्यात पाहणारा म्हणेल, वा, लाउंड्समध्ये काळ्यांचा सहभाग शून्यावरून केवढा वाढला! माझ्या मते मत न देणारा आणि मालकाच्या ट्रकमधून येऊन मत देणारा या दोघांना वेगळ्या रकान्यांत घालणे हीच मूळ चूक आहे. दोघांनाही एकच मालक आहे.

तरीही पक्षाला अधिकृत मान्यता मिळण्याइतकी मते पडली. चार वर्षांनी, १९७० मध्ये, जॉन ह्यूलेट लाउंड्सचे शेरीफ म्हणून निवडून आले आणि दोन दशकांहून अधिक काळ त्या पदावर राहिले. जेथे १९६५ मध्ये एकही काळे नाव यादीत नव्हते, तेथे पाच वर्षांत काळ्या मतांवर काळा शेरीफ झाला. लोकांचा स्वभाव पाच वर्षांत बदलत नसतो. बदलल्या त्या खिडकीच्या वेळा, परीक्षेचा कायदा, आणि राहायला मिळालेली सहा एकर जमीन.

अर्थात गोष्ट तेथे संपली नाही. फ्रान्सिस फॉक्स पिव्हन आणि रिचर्ड क्लॉवर्ड यांनी १९८८ मध्ये अमेरिकन माणूस मत का देत नाही यावर ग्रंथच लिहिला आणि त्यांनीही बोट ठेवले ते नोंदणीच्या यंत्रणेवर. अमेरिकेत नाव नोंदविण्याची जबाबदारी प्रायः नागरिकावर असते. ज्याला रजा नाही, गाडी नाही, कायमचा पत्ता नाही, तो गळतो. २०१३ मध्ये शेल्बी काउंटी खटल्यात, आणि ही शेल्बीही अलाबामातलीच, तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६५ च्या कायद्याचे महत्त्वाचे कलम रद्द केले. त्यानंतर अलाबामाने मतदानाला छायाचित्राचे ओळखपत्र सक्तीचे केले आणि २०१५ मध्ये काळ्यांची वस्ती दाट असलेल्या अनेक काउंट्यांतील वाहन परवान्याच्या कचेऱ्या बंद करण्याचे जाहीर केले. हे परवानेच तेथे ओळखपत्र म्हणून चालतात. ओरड झाल्यावर त्या कचेऱ्या महिन्यातून एक दिवस उघडायचे ठरले. पूर्वी निदान दोन सोमवार होते.

आपल्याकडे हे वेगळे घडले, आणि ते आपोआप घडलेले नाही. बाबासाहेबांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना मताधिकार म्हणजे सहजीवनाच्या अटी ठरविण्याचा हक्क होय अशी भूमिका घेतली. १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे त्यांनी स्त्री-पुरुष सर्वांना प्रौढ मताधिकार मागितला. त्या काळी मत सारा भरणाऱ्याला, मालमत्ता असणाऱ्याला होते. अडाण्याला मत कशाला, हा प्रश्न तेव्हाचे मोठमोठे पुढारी विचारीत होते. १९५० च्या राज्यघटनेने त्यावर पडदा टाकला. आणि तितकीच महत्त्वाची, पण कोणाच्या फारशी लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे, आपल्याकडे यादी करायला सरकारी माणूस दारोदार जाऊ लागला. वस्तीवरच्या बाईला कचेरीची पायरी चढावी लागली नाही. गरीब भारतीय मत देतो आणि गरीब अमेरिकन पुष्कळदा देत नाही, याचे निम्मे उत्तर या दारोदार फिरणाऱ्या माणसात आहे. म्हणूनच २०२५ मध्ये बिहारात यादीच्या विशेष सखोल फेरतपासणीच्या वेळी मतदारांकडेच अर्ज आणि कागद मागितले गेले आणि १ ऑगस्टच्या मसुदा यादीतून सुमारे पासष्ट लाख नावे गळली, तेव्हा मला काळजी वाटली. मृत, दुबार, स्थलांतरित अशी कारणे देण्यात आली. नावे कारणांसह जाहीर करा, हे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. यांतील किती वगळणी योग्य, हा तपशिलाचा वाद आहे. ओझे दारोदार जाणाऱ्याच्या डोक्यावरून मतदाराच्या डोक्यावर सरकले, हा वाद नाही.

येथे एक शंका कोणी काढील. दलित पँथरने स्वतःच मतदान करू नका असे सांगितले नव्हते काय? सांगितले होते. जानेवारी १९७४ च्या मध्य मुंबईतील लोकसभा पोटनिवडणुकीवर पँथरने बहिष्कार पुकारला. वरळीला दंगल झाली. १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव मारले गेले. आणि काँग्रेसचे रामराव आदिक पडले. त्या वेळी मत न देणे हेच मत होते, आणि सत्ताधाऱ्यांना ते बरोबर ऐकू गेले. ज्याच्या हातात मत आहे त्यालाच ते रोखून धरता येते. लाउंड्सच्या कुळाने १९६४ मध्ये मत दिले नाही, तो काही बहिष्कार नव्हता. न दिलेली मते सगळी सारखीच मोजणाऱ्यांनी वरळीचा जानेवारी एकदा अभ्यासावा.

आता आमच्या सहकाऱ्यांच्या 'त्या लोकां'कडे येतो. माझे आई-वडील मराठवाड्यातून दर दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात कोयत्याला जात. उचल आधीच घेतलेली असे. ती फिटेपर्यंत मुकादमाची परवानगी असल्याशिवाय फडातून हलता येत नसे. मी समाजकल्याणच्या वसतिगृहात होतो तेव्हाची एक ग्रामपंचायत निवडणूक आठवते. मुकादमाने ट्रक पाठवून टोळी रातोरात गावी आणली, मते टाकून घेतली आणि संध्याकाळी परत कोपीवर नेली. वडिलांना मी विचारले, मत कोणाला दिले? ते म्हणाले, "ज्याची गाडी होती त्याला." त्यांना त्यात लाज वाटण्यासारखे काही दिसत नव्हते, आणि मला तेव्हा वाटलेल्या लाजेची आज लाज वाटते.

२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचे मतदान झाले ते ऐन हंगामाच्या तोंडावर. मी मराठवाड्यातल्याच एका केंद्रावर मतदान अधिकारी होतो. माझे मत मी आधीच टपाली मतपत्रिकेने दिले होते. निवडणूक कामावरच्या कर्मचाऱ्याला ती सोय आहे. सैनिकाला आहे, पंच्याऐंशी वर्षांवरच्या वृद्धाला घरी येऊन मत घेण्याची सोय आहे. ऊसतोड मजुराला नाही. परगावी राहणाऱ्या मजुरांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये पक्षांपुढे ठेवला होता. पक्षांनी शंका काढल्या, तो मागे पडला. पक्षांच्या शंका अगदीच पोकळ होत्या असे मी म्हणणार नाही. पण टोळीवर गेलेल्या माणसाच्या वतीने दुसरा कोणताही उपाय त्यांनी सुचविलेला माझ्या पाहण्यात नाही.

दुपारी केंद्रावर शुकशुकाट झाला. यादीतील नावांची पानेच्या पाने कोरी होती आणि ती सलग होती, कारण वस्ती सलग होती. मी एजंटाला विचारले, तर तो म्हणाला, "ती गल्ली सगळी गेली की कारखान्याला. यायचे होते, पण गाडीचं कुणाचं जमलं नाही." म्हणजे त्या खेपेस ट्रक पाठविण्याइतकी त्या मतांची कोणाला निकड नव्हती. दोन गल्ल्यांची मते. फरक पडत नाही असा कोणीतरी हिशेब केला असणार. मोजणी केंद्रवार होते आणि आकडे केंद्रवार जाहीर होतात, त्यामुळे कोणती वस्ती कोणाकडे गेली आणि कोणती गेलीच नाही, हे गावाला पुढची पाच वर्षे पाठ असते. नळ कोठे आधी येणार तेही त्यावर ठरते.

साडेतीनच्या सुमारास एक म्हातारी आली. स्वतःचे मत दिले, बोटाला शाई लावून घेतली आणि जायच्या ऐवजी माझ्या टेबलाशीच थांबली. पदरात गुंडाळलेली प्लॅस्टिकची पिशवी सोडून तिने दोन ओळखपत्रे काढली, लेकाचे आणि सुनेचे. "फोनवर सांगितलंय त्यांनी कुणाला द्यायचं ते," ती म्हणाली. "माझ्यापाशी कार्डं ठेवूनच गेलेत." मी तिला नियम सांगितला. तिने तो शांतपणे ऐकला आणि विचारले, "मग त्यांचं कसं?" मागे दोन माणसे येऊन उभी राहिली होती. केंद्राध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले. मी पुढचे नाव मोठ्याने वाचले. तिने कार्डे पुन्हा पिशवीत घातली, पिशवीला गाठ मारली आणि दाराशी बसलेल्या पोलिसाला पुन्हा एकदा विचारून ती बाहेर पडली.